मॅन्टिस श्रिंपच्या टाकीचा तळ : आधी बीळ ठरवा, मग वाळू

मॅन्टिस श्रिंप, म्हणजे समुद्रात बिळात राहणारा कोळंबीसारखा कवचधारी प्राणी, पाळायला घेणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी टाकी येते, मग फिल्टर, मग दुकानात दिसलेली पांढरीशुभ्र वाळू, आणि सगळ्यात शेवटी प्राणी. आठवडा उलटायच्या आत त्याने वाळू एका कोपऱ्यात लोटलेली असते, एखादा दगड कलंडलेला असतो आणि स्वतः काचेला टेकून उघड्यावर बसलेला असतो. मग प्रश्न येतो, 'हा खात का नाही?'

खात नाही, कारण त्याला राहायला जागा नाही. माशांच्या टाकीत तळाचा थर शोभेचा असला तरी चालून जातं. इथे तो बांधकामाचा माल आहे. बीळ खणायला, भिंती लिंपायला आणि रात्री दार लावून घ्यायला हाच माल लागतो. म्हणून आधी प्राणी कोणता ते पाहायचं, मग त्याचं बीळ कसं असतं ते, आणि त्या बिळाला काय लागतं हे कळलं की वाळू निवडायची. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळलात तर भरलेली टाकी उपसून मागे यावं लागतं, आणि ओली वाळू तळहाताने खरवडून काढण्यात कसलीही मजा नाही.

टप्पा १ : प्राणी नक्की कोणता?

दुकानात सगळेच 'मॅन्टिस' म्हणून विकले जातात. पैसे देण्याआधी पुढच्या घडीच्या नांगीचा जवळून काढलेला फोटो मागवा. नांगीच्या कोपराशी फुगीर, गुळगुळीत गाठ दिसली तर तो स्मॅशर, म्हणजे गुद्दा मारून शिंपले-खेकडे फोडणारा. नांगीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे लांब काटे असले तर तो स्पिअरर, म्हणजे वाळूत दबा धरून मासे-कोळंबी भोसकणारा. तळाच्या थराचा विचार या दोघांसाठी पूर्ण वेगळा होतो, आणि स्मॅशरमध्येही दोन तऱ्हा आहेत.

दगडातले छोटे स्मॅशर. गोनोडॅक्टिलस स्मिथी, गोनोडॅक्टिलस चिराग्रा ही यातली नावं. साधारण ५ ते १० सेंटिमीटरचे. हे वाळूत खणत नाहीत, दगडातल्या तयार भोकात राहतात. लाइव्ह रॉकमधून, म्हणजे समुद्रातून जिवाणू-जीवांसकट आलेल्या खडकातून, नकळत घरी येणारे पाहुणे बहुधा याच जातीचे असतात.

पीकॉक, म्हणजे ओडोन्टोडॅक्टिलस सायलारस. हिरवट अंग, केशरी-लाल पाय, पाठीच्या ढालीच्या पुढच्या बाजूंना बिबट्यासारखे ठिपके. पूर्ण वाढ १८ सेंटिमीटरपर्यंत. खडकाच्या पायथ्याशी खडी, शिंपले आणि वाळूच्या मिश्रणात हा इंग्रजी यू आकाराचं बीळ करतो. आपल्याकडे सर्वांत जास्त मागणी याला आणि सर्वांत जास्त चुकाही याच्याच टाकीत.

वाळूतले स्पिअरर. छोट्यांत स्यूडोस्क्विला सिलियाटा, साधारण १० सेंटिमीटरपर्यंतचा. मोठ्यांत झेब्रा मॅन्टिस, म्हणजे लायसिओस्क्विलिना मॅक्युलाटा, जो फूटभराच्याही पुढे जातो. हे बारीक वाळूत खोल बीळ करतात आणि अंगातून सोडलेल्या चिकट स्रावाने त्याच्या भिंती बांधून काढतात.

चिखलातले. कोकणपट्टीवर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे ढिगाने येतात ते मुख्यतः या गटातले, उदाहरणार्थ मियाकेला नेपा. बंदरावर फुकट मिळतात म्हणून बादलीत घालून घरी नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. जाळ्यात चेंगरलेला प्राणी सहसा जगत नाही, आणि त्याला हवा तसा मऊ चिखल घरच्या टाकीत घातला तर पंपाच्या पहिल्याच झोताने पाणी गढूळ होतं ते निवळतच नाही.

तपासा : डोळ्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. पिल्लू घेत असाल तर पूर्ण वाढीची लांबीही शेजारी लिहा. पुढची सगळी मापं या दोन आकड्यांवरून निघतात.

टप्पा २ : बिळाचं माप काढा

मॅन्टिस बिळात शिरताना डोकं आत घालून जातो आणि आत कोलांटी मारून तोंड दाराकडे करतो. बीळ इतकं रुंद हवं की ही कोलांटी बसेल, आणि इतकं अरुंद की अंग भिंतीला टेकेल. व्यवहारात आतला व्यास प्राण्याच्या लांबीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढा आणि बिळाची लांबी प्राण्याच्या दुप्पट धरावी. १५ सेंटिमीटरच्या पीकॉकला आतून ५ सेंटिमीटरचं, ३० सेंटिमीटर लांबीचं बीळ. ६ सेंटिमीटरच्या गोनोडॅक्टिलसला आतून २ सेंटिमीटरचं पुरतं.

पीकॉकसाठी तयार बीळ द्यायचं म्हणजे पीव्हीसी पाईप. हार्डवेअरच्या दुकानात '५० चा पाईप द्या' म्हटलं की तो बाहेरून ५० मिलिमीटर असतो. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत ४५ च्या आसपासच उरतात. १२-१३ सेंटिमीटरच्या प्राण्याला तो छान बसतो. १५ च्या पुढच्याला ६३ चा घ्या. पट्टी बरोबर न्या आणि आतून मोजा. जोड ४५ अंशांचे घ्या. ९० अंशांच्या एल्बोत लांब अंगाचा प्राणी अडखळतो, आणि बरेचदा अख्खं बीळच नापसंत करून बाहेर राहतो. मधे आडवा तुकडा, दोन्ही टोकांना ४५ चे जोड आणि त्यांतून वर येणारे आखूड तुकडे, अशी रचना करा. दोन्ही तोंडं वाळूच्या पातळीला उघडली पाहिजेत.

कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून बोथट करा. आतला पृष्ठभागही खरखरीत करा, कारण गुळगुळीत नळीत पाय रोवता येत नाहीत. सिलिकॉनचा पातळ हात देऊन त्यावर कोरडी वाळू चिकटवली तर उत्तमच. सिलिकॉन साधं घ्या. 'बुरशीरोधक' लिहिलेलं बाथरूमचं सिलिकॉन प्राण्यांना विषारी असतं. चिकटवल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या. जोडांना सॉल्व्हंट सिमेंट लावू नका, दाबून बसवले की पुरे.

सावधान : पाईप उभा कापून अर्धी नळी काचेला चिकटवायची, म्हणजे बिळात काय चाललंय ते दिसेल, ही युक्ती छोट्या जातींसाठी ठीक. पीकॉकच्या गुद्द्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास मोजला गेलेला आहे. त्याच्या घराची भिंत म्हणून टाकीची काच देऊ नये.

टप्पा ३ : थराची खोली, आणि तिचं वजन

आता खोली ठरते. दगडातल्या छोट्या स्मॅशरला २-३ सेंटिमीटर पुरेत. त्याचं घर दगडात आहे, वाळू फक्त अंगण. पीकॉकला ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे पाईप झाकला जाऊन वर थोडा थर उरेल इतकी. स्यूडोस्क्विलाला १२ ते १५. झेब्रा मॅन्टिसला कमीत कमी ३० सेंटिमीटर, आणि तेही त्याला थोडंच.

इथे कॅल्क्युलेटर काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं सेंटिमीटरमध्ये. उत्तराला १,००० ने भागलं की लिटर, आणि लिटरला दीडने गुणलं की कोरड्या वाळूचे अंदाजे किलो. ७५ बाय ४५ च्या टाकीत ८ सेंटिमीटर थर म्हणजे २७ लिटर, सुमारे ४० किलो. ९० बाय ४५ मध्ये झेब्रासाठी ३० सेंटिमीटर म्हणजे १२१ लिटर, सुमारे १८० किलो. वर पाणी आणि दगड वेगळे. ही टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्लायवुडच्या स्टँडवर ठेवायची का, याचं उत्तर वाळू विकत घेण्याआधी द्यायचं असतं. माझं मत विचाराल तर झेब्रा मॅन्टिस घरगुती टाकीचा प्राणीच नाही.

तपासा : थर, दगड, पाणी आणि काच मिळून एकूण वजन स्टँड बनवणाऱ्याला आकड्यात सांगितलंत का?

टप्पा ४ : माल निवडा

एकच एक वाळू सगळ्यांना चालत नाही, आणि पीकॉकला तर एकाच जाडीची कुठलीच वाळू चालत नाही. नुसत्या बारीक वाळूत त्याने खणलेला खड्डा क्षणात ढासळतो. नुसत्या जाड चुऱ्यात भिंत उभी राहते, पण फटींत खाद्य आणि घाण अडकून सडते. त्याला लागतं ते मिश्रण. निम्मा भाग १-२ मिलिमीटरची अरॅगोनाइट, म्हणजे चुनखडीयुक्त, वाळू, पाव भाग ३ ते ६ मिलिमीटरचा शिंपल्यांचा चुरा आणि पाव भाग १ ते ४ सेंटिमीटरचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे. हे तुकडेच सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक विसरतात. पीकॉक ते एकेक उचलून दाराशी रचतो, रात्री आतून भोक बुजवतो, सकाळी पुन्हा काढतो. कात टाकायच्या वेळी तर दार बंद करणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. नवी कात कडक होईपर्यंत त्याला गुद्दा मारता येत नाही. तुकडे नसतील तर त्या मऊ अवस्थेत तो उघड्यावर पडतो.

स्पिअररचं उलट. त्याला रव्याएवढी बारीक, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची वाळू द्या. त्याचा चिकट स्राव बारीक कणांनाच धरून ठेवतो, जाड चुरा त्याच्या भिंतीत टिकत नाही. छोट्या गोनोडॅक्टिलसला वाळू कोणतीही चालेल, पण भोकं असलेले दगड आणि मूठभर बारीक तुकडे द्यायलाच हवेत.

अरॅगोनाइट पाण्याचा पीएच सांभाळते, म्हणून बाकी काही मोजायला नको, असा एक समज आहे. टाकीच्या नेहमीच्या ८.१ ते ८.४ पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरायची पाण्याची क्षमता, तिच्या भरवशावर सोडू नका, मोजत राहा. क्वार्ट्झची, म्हणजे गारेची, स्वच्छ, गोल कणांची वाळूही विषारी नसते, पण समुद्री टाकीला तिचा इतर काही उपयोग नाही.

आता काय घेऊ नये ते.

बांधकामाची क्रश सँड नको. आपल्याकडची ही वाळू काळा दगड फोडून केलेली असते. कणांना धार असते आणि भुकटी कितीही धुतली तरी संपत नाही.

किनाऱ्यावरून वाळू आणू नका. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी क्षेत्राच्या, नियमांखाली तिथला वाळू उपसा निषिद्ध आहे, हा एक भाग. दुसरं असं की रत्नागिरीच्या पट्ट्यात वाळूत इल्मेनाइटचे काळे कण मिसळलेले असतात. ते लोहाचं खनिज असल्यामुळे काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि मग प्रत्येक फेरीला काचेवर ओरखडे उठतात.

प्रवाळाचे तुकडे, मग ते वाळलेले असोत की 'जुन्या टाकीतले', घेऊ नका. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार 'बाहेरचा माल आहे' म्हणाला तरी कागद मागा. दगडांसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून केलेले कृत्रिम खडक मिळतात, ते या प्राण्याला पुरतात.

कुणाच्या बंद पडलेल्या टाकीतली 'पिकलेली' वाळू फुकट मिळतेय म्हणून आणू नका. माशांच्या रोगावर त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलेलं असेल तर चुनखडीयुक्त वाळू ते धरून ठेवते आणि पुढे हळूहळू सोडते. मॅन्टिसला तांबं सोसत नाही. देणाऱ्याला आठवत नसेल तर तो धोका आपण घ्यायचा नाही.

तुकड्यांची सोय मात्र घरच्या स्वयंपाकात आहे. तिसऱ्या, शिवल्या, कालवं. बाजारातून आणून खाल्ल्यावर उरणारे शिंपले हा दाराचा उत्तम माल आहे. कालवांचे जाड, खडबडीत तुकडे तर पीकॉक आधी उचलतो. फक्त मसाला लागायच्या आत शिंपले बाजूला काढा. पुन्हा उकळा. बिजागरीवरचा तपकिरी चिवट पट्टा आणि आत चिकटलेला स्नायूचा ठिपका सुरीने खरवडून काढा, कारण वास तिथूनच येतो. चांगले आठवडाभर उन्हात टाका. मग गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा आणि बादलीत थोड्या जाड वाळूबरोबर खळखळून धारदार कडा मारा. वाळलेल्या तुकड्यांना नाक लावून पाहा. जरासाही वास असेल तर पुन्हा ऊन.

सावधान : रंगीत खडे, काचेच्या गोट्या, रंगवलेले शिंपले नकोत. मॅन्टिस हे तोंडाने आणि तोंडाजवळच्या पायांनी हाताळतो, फोडूनही पाहतो. रंगाचा थर सुटून पोटात जातो.

टप्पा ५ : घरच्या घरी तपासणी

मूठभर नमुना बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर चुनखडीयुक्त माल, म्हणजे अरॅगोनाइट किंवा शिंपला. काहीच झालं नाही तर पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, ती बहुधा क्वार्ट्झ आहे.

दुसऱ्या बशीत कोरडी वाळू पसरून त्यावरून जोरदार चुंबक फिरवा. काळे कण चिकटून वर आले तर ती पिशवी परत.

तिसरी परीक्षा चाळणीची. रव्याची आणि मैद्याची, दोन्ही चाळण्या लागतील. पीकॉकच्या वाळूचा मोठा भाग रव्याच्या चाळणीत वर राहिला पाहिजे. स्पिअररची वाळू रव्याच्या चाळणीतून खाली पडून मैद्याच्या चाळणीवर थांबली पाहिजे. मैद्याच्याही खाली गेलेली भुकटी टाकून द्या, ती पाण्यात तरंगत राहते. या चाळण्या परत स्वयंपाकघरात नेऊ नका. घरात शांतता हवी असेल तर दोन वेगळ्या विकत घ्या.

व्हिनेगर लागलेला नमुना टाकीत जाऊ देऊ नका.

टप्पा ६ : धुणं

एका वेळी बादलीचा एक चतुर्थांश भाग वाळू घ्या, जास्त नाही. नळाची धार सोडून हात तळापर्यंत घालून घुसळा, वरचं दुधाळ पाणी ओतून द्या, पुन्हा. घुसळल्यावर पाण्यातून बादलीचा तळ दिसायला लागला की झालं. शेवटचे दोन हात आरओच्या पाण्याचे, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्षार मागे राहत नाहीत. चुरा आणि तुकडे वेगळे धुवा. सगळं एकत्र धुतलं तर बारीक वाळू पाण्याबरोबर निघून जाते आणि मिश्रणाचं प्रमाण बिघडतं.

ओली, जिवाणूंसह पिशवीबंद मिळणारी 'लाइव्ह सँड' धुवायची नसते. धुतलीत तर ज्यासाठी जादा पैसे दिले तेच गटारात गेलं.

टप्पा ७ : मांडणीचा क्रम

क्रम असा : पत्रा, दगड, पाईप, वाळू, तुकडे. यात अदलाबदल चालत नाही.

सर्वांत खाली, कोरड्या स्वच्छ काचेवर, ४-५ मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा पत्रा. टाकीच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान कापून घ्या. पीकॉक खणत खणत तळाशी पोहोचतो आणि तिथे जे लागेल त्यावर ठोसा मारतो. तो काचेवर पडू नये, इतकंच या पत्र्याचं काम. छोट्या स्पिअररसाठी त्याची गरज नाही.

मग दगड. ते थेट पत्र्यावर ठेवायचे, वाळूवर नाही. वाळूवर ठेवलेला दगड प्राणी खालून पोखरतो आणि दगड त्याच्यावरच बसतो. या टाक्यांमध्ये प्राणी मरण्याचं हे अगदी टाळता येण्याजोगं कारण आहे. दगड एकमेकांना सिलिकॉनने किंवा समुद्री टाकीच्या इपॉक्सीने पक्के करा.

तपासा : प्रत्येक दगड चारही बाजूंनी बोटाने ढकलून पाहा. डुगडुगला तर पुन्हा बसवा. हे आत्ता होतं, वाळू पडल्यावर होत नाही.

दगड पक्के झाले की पाईप. त्याची निदान एक बाजू मोठ्या दगडाच्या आडोशाला येऊ द्या आणि प्लास्टिकच्या केबल टायने तो एखाद्या जड दगडाला किंवा सिरॅमिक टाइलला बांधा. मोकळा पाईप पीकॉक हलवतो, फिरवतो, प्रसंगी उपटून वर काढतो. दोन्ही तोंडं वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोताच्या रेषेत येणार नाहीत अशी दिशा ठेवा. आत पाणी फिरवण्याचं काम प्राणी पोटाखालचे पाय हलवून स्वतः करतो, त्यासाठी पाईपला भोकं पाडू नका. भोकांतून वाळू गळत राहते.

पाईपची तोंडं कापडाच्या बोळ्याने तात्पुरती बंद करून मग वाळू आणि चुऱ्याचं मिश्रण ओता. दोन-दोन सेंटिमीटरचे थर देत, प्रत्येक थर तळहाताने दाबत वर या. पाईपच्या दोन्ही कुशीत वाळू ठासून भरा, पोकळ्या राहू देऊ नका. शेवटी बोळे काढा. विसरण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून लिहिलं.

तुकडे सर्वांत शेवटी. दोन तृतीयांश तुकडे दोन्ही तोंडांपासून वीतभर अंतरावर विखरून टाका. तोंडाशी नीट रचून देऊ नका, ते त्याला मान्य होत नाही आणि तो सगळं मोडून परत बांधतो. उरलेले एक तृतीयांश डब्यात जपून ठेवा, पुढे लागतील.

सावधान : अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे थराखालच्या जाळीतून पाणी खेचणारा, या टाकीत चालत नाही. प्राणी जाळीपर्यंत खणतो, सगळं पाणी त्या एका भोकातून खेचलं जातं आणि बाकीचा थर तसाच कुजतो.

टप्पा ८ : पाणी आणि सायकल

मीठ टाकीत कालवायचं नाही. ते वाळूत बसून राहतं. बाहेरच्या पिंपात आरओच्या पाण्यात मिसळून, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणून, वाळूवर बशी ठेवून त्या बशीत सावकाश ओता. पहिला दिवस पाणी धुरकट दिसणं साहजिक. तीन दिवसांनीही निवळलं नाही तर धुण्यात कसर राहिली आहे. फिल्टरमध्ये बारीक फ्लॉस घालून ती भुकटी काढा.

मग सायकल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत बसू देणं. सोललेल्या कोळंबीचा एखादा तुकडा जाळीच्या पिशवीत लटकवा, अमोनिया चढू द्या, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसेपर्यंत थांबा. चार ते सहा आठवडे लागतात. नव्या वाळूत जिवाणू बसायला लागणारा वेळ प्राणी आत असला म्हणून कमी होत नाही. एप्रिल-मेमध्ये हे करत असाल तर थर्मामीटरवर लक्ष असू द्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जाड थराच्या खालच्या भागात तो आधी संपतो. पाणी २४ ते २७ अंशांत राहावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच.

तपासा : लागोपाठ दोन दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. एकाच दिवसाचं रीडिंग धरू नका.

टप्पा ९ : प्राणी सोडल्यावर

पिशवीतलं पाणी हळूहळू जुळवून घेतल्यावर प्राण्याला छोट्या डब्यात घ्या आणि डब्याचं तोंड पाईपच्या तोंडासमोर धरून थांबा. ढकलू नका, बोट तर मुळीच घालू नका. पहिले दोन-तीन दिवस दिवा बंद किंवा अगदी मंद.

थर जमला आहे की नाही हे तोच सांगतो. काही दिवसांत दार अरुंद झालं, तुकडे जागचे हलले, भोकातून फक्त डोळे आणि मिशा दिसायला लागल्या की काम झालं. भरदिवसा उघड्यावर बसून राहणं, एकाच कोपऱ्यात काचेपर्यंत पुन्हा पुन्हा खणणं, दगडाखाली अर्धवट घुसून राहणं, या तक्रारी आहेत. आधी राखीव डब्यातले तुकडे टाका. दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर पाईपचा व्यास पुन्हा मोजा, आणि बिळात उजेड तर जात नाही ना ते बघा. पीकॉकला बिळाशिवाय प्रखर उजेडात ठेवलं की कवचावर खरबरीत, झिजलेले डाग पडण्याचा आजार होतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तळाची घाण त्यात भरच घालते.

एखाद्या सकाळी दार पूर्ण बुजलेलं दिसेल. घाबरून उकरू नका. बहुधा कात टाकायची वेळ आहे, आणि तो काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत आत राहू शकतो. खाद्य टाकू नका, अमोनिया रोज मोजा. आकडा शून्यावर आहे तोवर बिळाला हात लावायचं कारण नाही.

सफाई फक्त मोकळ्या भागाची. बारीक नळीने, आठवड्याला साधारण एक तृतीयांश मोकळी जागा, आणि पाईपच्या आसपासचा वीतभर भाग सोडून. खेकड्याची कवचं, कोळंबीच्या साली रोज चिमट्याने काढा, पण गोगलगायींचे रिकामे शंख राहू द्या, तो ते भिंतीत वापरतो. लांब चिमटा घ्या.

काचेलगत खोलवर काळसर पट्टा दिसणं जाड थरात चालायचंच. तोच पट्टा वर सरकू लागला आणि नळी फिरवताना सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलं आहे. एकदम ढवळू नका. दर पाणीबदलाला त्या जागची मूठभर वाळू नळीने पाण्यासकट बाहेर ओढून घ्या आणि तिथे धुतलेली नवी टाका. वेव्हमेकरची दिशाही थोडी बदला, कारण असा कोपरा बहुतेक वेळा पाणी न फिरणाराच असतो.

पीकॉकचं पिल्लू घेतलं असेल तर दर कातीनंतर लांबीचा नवा अंदाज घ्या. पाईपच्या व्यासाच्या तिप्पट लांबी झाली की मोठा पाईप बसवायची वेळ आली. तो जुन्याच्या शेजारी पुरा, जुना लगेच काढू नका. नव्या घरात तो आपणहून जातो, आणि जुनं भोक तुकड्यांनी बुजवलेलं दिसलं की मग रिकामा पाईप उचला.